वहिनी, माशात हे काय निघालं?

ओळखीपाळखीत कुणाच्याही माशात काही वळवळलं की त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. मी एका तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि एमेस्सीला असताना वाम माशाच्या आतड्यातल्या पट्टकृमींवर, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांवर, काम केलं होतं, ही बातमी सासर-माहेर दोन्हीकडे पसरलेली आहे. माझ्या बाकीच्या शिक्षणाचं घरात कुणाला फारसं कौतुक नाही. पण रविवारी सकाळी साडेअकराला, मसाला वाटून झालेला असताना, माशातून काहीतरी लांबडं निघालं की सगळ्यांना माझी आठवण होते.

फोटो बहुतेक वेळा हललेला असतो. हळद लागलेली बोटं, ओट्याची कड, शेजारी मापाला ठेवलेलं रुपयाचं नाणं. त्यातले निम्मेअधिक कृमी हे कृमी नसतातच. कधी ती रक्तवाहिनी असते, कधी आतड्याचाच पीळ. मरळीच्या जठराला लागून दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या तर हमखास जंत म्हणून माझ्याकडे येतात. त्या माशाच्या स्वतःच्याच असतात, काही पाहुण्या आलेल्या नसतात.

मागच्या महिन्यात नणंदेचा फोटो आला, तो मात्र खरा होता. पुण्याला तिनं मरळ आणली होती, दीड किलोची. पोट फाडल्यावर आतड्याच्या पडद्याला चिकटून पातळ पारदर्शक पिशव्यांमध्ये वेटोळं करून बसलेले पांढुरके बारीक किडे.

‘वहिनी, हे काय निघालं? टाकून देऊ का सगळा मासा?’

‘रस्सा उकळणार आहेस ना?’

‘हो, मग काय कच्चा खाणारे का!’

‘मग आतडी टाक, पोट स्वच्छ धू आणि मासा शिजव.’

तिनं शिजवला. नवऱ्याला सांगितलं नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं.

ते होते गोलकृमी, बहुधा काँट्रासीकमची पिल्लं. त्यांना मरळीच्या पोटात कायमचं राहायचंच नसतं. त्यांना पाणकावळ्याच्या पोटात जायचं असतं, वयात यायची सोय तिथं. पाणकावळ्यानं मरळ गिळेपर्यंत ती नुसती वाट बघत पडून असतात. नणंदेच्या कढईत ती पोचली हा त्यांच्या दृष्टीनं अपघात झाला, आपल्या दृष्टीनं काहीच नाही.

‘खायचा की टाकायचा’ हा प्रश्न मला रोज येतो आणि त्याचं उत्तर एका ओळीचं आहे. नीट शिजवलेल्या गोड्या पाण्यातल्या माशातला कोणताही कृमी आपल्या पोटात जिवंत राहत नाही. मासा आतपर्यंत साधारण 63 अंशांना तापला की झालं, आणि आपला रस्सा तर खळखळ उकळतो. किळस वाटते ती वेगळी, तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. पण या एका प्रश्नापायी बाकीचे सगळे प्रश्न राहून जातात. तो कृमी तिथं आला कुठून, त्यानं माशाचं काय केलं, आणि ज्या माणसाचं पोट त्या माशावर चालतं त्याला त्याची काय किंमत पडली?

माझा माल येतो भिगवणहून. उजनीच्या यशवंतसागराच्या काठचं हे गाव आता फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना जास्त माहीत आहे, पण आम्हाला ते माशाच्या लिलावासाठी माहीत. चिलापीचे ढीग, राहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, शिंगटा आणि नशिबानं मरळ नि वाम. यूजीसीनं कॉलेजांतलं विच्छेदन बंद केल्यापासून आम्हाला प्रयोगशाळेत प्राणी कापता येत नाहीत. पण बाजारात साफ केलेल्या माशाची आतडी कुणी नाकारत नाही. तिथं मासे साफ करून देणाऱ्या एक मावशी आहेत. त्या वामीला राख फासतात, म्हणजे ती हातातून निसटत नाही, मग विळीवर एका ओढीत पोट उघडतात आणि आतडी माझ्या डब्यात टाकतात. सुरुवातीला त्यांना वाटायचं मी मांजरासाठी नेते. एकदा आतडं फुटलं आणि आतून पांढरे धागे बाहेर आले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आवो मॅडम, ह्येच्या पोटात तर शेवया हायेत!’ तेव्हापासून आमच्यात तेच नाव चालतं. ‘आज शेवयावाली वाम न्हाई आली.’

या शेवया म्हणजे सेंगा नावाचे पट्टकृमी. डब्यातलं आतडं मिठाच्या सौम्य पाण्यात काचेच्या बशीत ठेवायचं आणि बारीक कात्रीनं उभं चिरत जायचं. इथं घाई करायची नाही. कृमीचं डोकं आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं आणि धड ओढलं की डोकं आत राहून जातं. डोक्याशिवाय ओळख पटत नाही. तेव्हा ब्रशनं, पाण्याच्या हलक्या धारेनं, धीर धरून सोडवायचं. सुटलेला कृमी बशीत आळोखेपिळोखे देतो, लांब होतो, आखडतो. मग त्याला दोन काचांमध्ये अलगद चपटा करायचा, फॉर्मॅलिनमध्ये मारायचा, कार्माइननं रंगवायचा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून पाणी काढायचं आणि झायलीनमधून नेऊन डीपीएक्स या काचेवर वाळणाऱ्या पारदर्शक डिंकात बसवायचा.

मायक्रोस्कोपखाली डोकं गुलाबी दिसतं. दोन बाजूंना दोन लांबट खोबणी, त्यांनी तो अस्तराची घडी पकडतो. आणि टोकाला आकड्यांचा मुकुट, दोन अर्धवर्तुळांत मांडलेला. मानेच्या मागं खंडामागून खंड, प्रत्येक खंडात नर आणि मादी दोन्हींचा सगळा संसार. तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या आतड्यातल्या तयार अन्नात पोहत राहायचंय त्याला स्वतःचं आतडं हवंय कशाला? वर्गात मी हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी शेजारच्याकडे बोट दाखवतोच.

अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात जातात. या गणातल्या ज्या कृमींचं जीवनचक्र नीट उलगडलं आहे त्यांच्यात अंड्यातून केसाळ कातडीची पोहणारी अळी निघते, ती सायक्लॉप्ससारख्या सूक्ष्म जीवाच्या पोटात जाते, आणि तो सायक्लॉप्स मासा खातो. सायक्लॉप्स म्हटल्यावर आजची मुलं माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्यानं बघतात. त्यांच्या आजी-आजोबांना विचारलं असतं तर नाव माहीत नसलं तरी परिणाम माहीत असता. माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यात सायक्लॉप्स, सायक्लॉप्समध्ये नारूची अळी. वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. पाणी फडक्यातून गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, मुख्यतः अशा उपायांनी तो रोग गेला. औषधही नव्हतं आणि लसही नव्हती. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता गंमत बघा. आफ्रिकेतल्या चाड देशात माणसांतला नारू जवळजवळ संपत आला असताना तो कुत्र्यांमध्ये मोठ्या संख्येनं सापडायला लागला. शंका माशांवर आणि बेडकांवर आली, म्हणजे सायक्लॉप्स खाणाऱ्यांवर. कोळ्यांनी काठावर फेकलेली आतडी कुत्री खातात. म्हणून तिथं गावोगाव सांगितलं गेलं की माशाची आतडी पुरा, कुत्र्यांपुढं टाकू नका. आपल्याकडे नारू राहिलेला नाही, पण लिलावाच्या जागी आतड्यांच्या ढिगावर कुत्री आणि घारी बघितल्या की मला चाड आठवतं. ढिगातली अंडी पहिल्या पावसात कुठं वाहत जाणार हे सांगायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

बाजारात सगळ्यात जास्त ओरड होते ती मात्र शिवड्यातल्या ‘जळू’ची. शिवडा म्हणजे वालागो, रुंद जबड्याचा, दुसऱ्या माशांवर जगणारा. त्याच्या पोटातला हवेचा फुगा फोडला की कधी कधी आत मांसल, चपटे, लालसर-काळपट प्राणी दिसतात, चांगले अंगठ्याएवढे. जळू नव्हे ती. तो पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा कृमी आहे, आयसोपारॉर्किस. 1898 मध्ये बिये या फ्रेंच माणसानं टोंकिनच्या, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामच्या, माशात तो पहिल्यांदा नोंदवला. आपल्या देशात शिवडा हा त्याचा आवडता मुक्काम. एखाद्याला वाटेल फुग्यात काय खायला मिळतं? फुग्याच्या अस्तरातून रक्त मिळतं, म्हणून तर तो लाल. मेल्यावर काळा पडतो आणि चिरडला की शाईसारखा डाग सोडतो. त्याची पिल्लं इतर माशांच्या यकृतात, मांसात शिरतात आणि तिथं काळे डाग दिसतात. असा डागाळलेला मासा गिऱ्हाईक घेत नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही.

शिवडा आता पूर्वीसारखा येत नाही, मावशीही तेच म्हणतात. शिवडा कमी होईल तसा हाही कमी होईल. वाघ वाचवायला लोक पुढं येतात, वाघाच्या पोटातल्या जंताला वाचवायला कोण येणार? असो, हा विषय निघाला की घरचे उठून जातात.

चिलापीची गोष्ट उलटी. भिगवणच्या ढिगांत सगळ्यात जास्त तीच, आणि माझ्या डब्यात आतड्यातले कृमी सगळ्यात कमी तिच्यातच. परमुलखातून आलेला प्राणी आपले बरेचसे परजीवी मागंच सोडून येतो, हे जगभर दिसलेलं आहे. चिलापी त्यातली. बाकी तिच्याविषयी माझं मत चांगलं नाही, पण कृमींच्या बाबतीत ती निर्दोष, हे मान्य करावंच लागतं.

भाचा जपानला असतो, त्याला आता कच्च्या माशाची चटक लागली आहे. त्याच्या आईनं मला मध्ये घातलं. त्याच्यासाठी उत्तर वेगळं आहे आणि ते जरा सविस्तरच द्यावं लागतं. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊ नये. क्लिनोस्टोमम नावाचा एक पिवळसर कृमी आपल्याकडेही माशांच्या मांसात, कल्ल्यांजवळ गाठी करून राहतो. तो खरा बगळ्याचा. पण जपान आणि कोरियात कच्चा मासा खाल्लेल्या माणसांच्या घशात तो जिवंत चिकटलेला सापडलेला आहे. मरळीच्या कुळातल्या माशांतून नॅथोस्टोमा नावाचा गोलकृमी माणसात जातो आणि कातडीखाली फिरत राहतो. थायलंडच्या ईशान्य भागात ‘कोई प्ला’ नावाचा कच्च्या माशाचा पदार्थ खातात. त्यातून यकृतातल्या पित्तनलिकांत ओपिस्थॉर्किस हा पर्णकृमी शिरतो आणि वर्षानुवर्षं तिथं राहिला की पित्तनलिकेचा कॅन्सर होऊ शकतो. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1994 सालीच त्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्यांच्या यादीत. थंड देशांतल्या पाइक, पर्च अशा माशांतला रुंद पट्टकृमी माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर वाढतो आणि बी-12 पळवतो. आपल्या देशातही मणिपूर-अरुणाचलाकडे कच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात पर्णकृमी जातो, थुंकीतून रक्त पडतं आणि उपचार टीबीचे सुरू होतात.

भाच्याला शेवटी एवढंच लिहिलं: चांगल्या ठिकाणी मासा आधी गोठवतात, तो खा. अमेरिकेतला नियम उणे 20 अंशांना सात दिवसांचा आहे. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नकोस, तो तेवढा थंड असेलच असं नाही. आणि लिंबू पिळल्यानं कृमी मरत नाही. त्यानं अंगठा पाठवला.

लिग्युलाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण तो मला सगळ्यात बेरकी वाटतो. कार्पच्या, म्हणजे राहू-कटल्याच्या, कुळातल्या माशांच्या उदरपोकळीत राहणारा हा पांढरा फितीसारखा कृमी. माशाच्या आत तो वाढत वाढत माशाइतकाच लांब होतो, कधी त्याहूनही लांब, दुमडून बसलेला. पोट टम्म फुगतं. बाजारात बघणाऱ्याला वाटावं गाबोळीनं भरलेली मादी आहे. आत गाबोळी नसतेच. लिग्युला शिरलेल्या माशाचं अंडाशय वाढतच नाही. हा कृमी माशाच्या संप्रेरकांच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतो, युरोपातल्या रोच माशांवर याचं बरंच काम झालेलं आहे. अंडी घालायला जाणारी ताकद मग कृमीच्या वाढीला. शिवाय असा जड झालेला मासा पृष्ठभागाजवळ संथ पोहतो आणि पक्ष्याला सोपा सापडतो. पक्ष्याच्या पोटात लिग्युला जेमतेम काही दिवस जगतो, अंडी टाकतो, संपतो. महिनोन्‌महिने वाढायचं माशात आणि सगळा उरक चार-पाच दिवसांत.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले त्याकडे येते.

माझा एक जुना विद्यार्थी इंदापूर तालुक्यात शेती करतो. शेततळं केलं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि डाळिंबाच्या पाण्यातच राहू-कटला सोडले. बोटुकली, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचं बीज, कुठल्याशा गाडीवाल्याकडून घेतली, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. पंधरवड्यात मासे मरायला लागले. सकाळी पंपाचं पाणी जिथं पडतं तिथं सगळे गोळा व्हायचे, तोंड वर करून. काही जण कागदाला अंग घासत सुटायचे. त्यानं फोन केला, ‘मॅडम, जंत झालेत. पोट फाडून बघितलं, पण एक पण दिसला नाही.’

पोटात दिसणार नव्हतेच. मी सांगितलं, कल्ले उचलून बघ. कल्ले लालभडक हवेत, ते फिकट आणि बुळबुळीत होते, कडा पांढरट. त्यातलं एक पान कापून स्लाइडवर ठेवून बघितलं आणि मला खुर्ची ओढून बसावंच लागलं. प्रत्येक पातीवर डॅक्टिलोगायरस नावाचा कृमी. लांबी मिलिमीटरच्या आतबाहेर. पुढच्या टोकाला चार काळे ठिपके, ते त्याचे डोळे. मागच्या टोकाला एक चकती, तिच्यात दोन मोठे आकडे आणि कडेनं बारीक आकडे. चकती कल्ल्यात रोवून पुढचं अंग सगळीकडे फिरवत तो चरत असतो. जिथं आकडा रुततो तिथं मासा चिकट स्राव सोडतो, स्रावानं पाती एकमेकींना चिकटतात, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मोठ्या माशाला पाच-पंचवीस कृमींनी काही होत नाही. बोटाएवढ्या पिल्लाला होतं.

या कृमीला सायक्लॉप्स लागत नाही, गोगलगाय लागत नाही, बगळा लागत नाही. अंडी पाण्यात, अंड्यातून पोहणारं पिल्लू, पिल्लू थेट शेजारच्या माशाच्या कल्ल्यावर. धरणाच्या अफाट पाण्यात शेजारचा मासा लांब असतो. शेततळ्यात त्याला हातभरही जावं लागत नाही. आणि आमच्या या गड्यानं सांगितल्यापेक्षा दुप्पट बीज सोडलेलं, ‘थोडं मरेलच’ म्हणून. त्याचाच भाऊबंद गायरोडॅक्टायलस, तो तर अंडीही घालत नाही, जिवंत पिल्लू देतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच तयार असतं.

उपाय स्वस्त आहे, म्हणून कुणी करत नाही. बीज तळ्यात सोडण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढायचं. दहा लिटर पाण्यात पाव किलो खडे मीठ, काही मिनिटं, हवा चालू ठेवून आणि नजर माशांवर ठेवून. कलंडायला लागले की लगेच बाहेर. अंडी मिठानं मरत नाहीत, म्हणून तळ्यात एकदा शिरल्यावर एका फटक्यात काम होत नाही, ती फुटतील तसं पुन्हा पुन्हा करावं लागतं. औषधं आहेत, पण प्रमाण चुकलं तर कृमीआधी मासा जातो, तेव्हा ती मत्स्य विभागाच्या माणसाला विचारूनच. मातीच्या तळ्याला हंगामांच्या मध्ये सुकवणं आणि चुना देणं यासारखं दुसरं काही नाही. त्यानं गोगलगायी जातात, सायक्लॉप्स जातात, निम्मी कटकट तिथंच मिटते. शेततळ्याचं पाणी डाळिंबाला लागतं, ते सुकवणार कोण? मग बीज धुऊन घेणं एवढंच हातात उरतं. माझ्या विद्यार्थ्याचं त्या वर्षीचं बहुतेक बीज गेलं. गाडीवाल्यानं फोन उचलला नाही, आणि उचलला असता तरी पिशवी बांधताना मासे जिवंतच होते.

बिजाबरोबर काय काय प्रवास करतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण गवत्याचं आहे. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोन्ही मासे 1959 साली भारतात आणले गेले. गवत्या तण खातो म्हणून जगभर नेला गेला, आणि त्याच्या आतड्यातला एक पट्टकृमीही जगभर गेला. 1934 मध्ये यामागुती या शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं वर्णन जपानमधून केलं. हा कृमी माशाबाबत अजिबात चोखंदळ नाही आणि मध्यस्थ म्हणून त्याला सायक्लॉप्सच्या जातकुळीतला एखादा जीव पुरतो. तो तर प्रत्येक डबक्यात. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हम्पबॅक चब नावाच्या दुर्मीळ माशातही तो जाऊन पोचला. पिल्लांच्या आतड्यात त्यांची गर्दी झाली की आतडं तुंबतं. गवत्यानं तण किती खाल्लं याचा हिशेब सगळे देतात, हा दुसरा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि आपण प्राणिशास्त्रवाल्यांनी इतकी वर्षं काय केलं? नावं ठेवली, म्हणजे अक्षरशः. सुरुवात फार चांगली होती. 1925 साली नागपूरच्या मोघ्यांनी मांगूर माशातल्या एका अखंड, खंड न पडलेल्या पट्टकृमीचं वर्णन केलं. 1931 मध्ये भालेरावांनी मरळीच्या आतड्यातला काटेरी सोंडेचा कृमी नोंदवला, आजही त्याच्या नावात नागपूर आहे, पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस. 1968 मध्ये शिंदे यांनी सर्कमऑन्कोबोथ्रियम ही नवी प्रजातीच, म्हणजे अनेक जातींना सामावणारा गटच, मांडली. आम्ही औरंगाबादला त्याच परंपरेत शिकलो. पुढं जगभरचे नमुने शेजारी ठेवून बघितल्यावर ती सेंगामध्येच मिसळली गेली. विज्ञानात हे चालायचंच, त्यात कमीपणा नाही.

पुढं देशभर जे झालं ते मात्र खटकतं. एकाच माशातून, एकाच नदीच्या वेगळ्या घाटावरून, दरवर्षी नवी जाती. आकडे दोन जास्त, वृषणं दहा कमी, मान जरा लांब, की झाली नवी. काच जास्त दाबली की मान लांब होतेच! 2011 मध्ये अनिर्बन ॲश, टोमाश शोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी फक्त मांगुरातल्या अखंड पट्टकृमींची झाडाझडती घेतली. मूळ नमुने मागवले, नवे गोळा केले. कागदावर 59 जाती होत्या. खऱ्या उरल्या 8. मोघ्यांचा कृमी त्या आठांत टिकला, शंभरीला आला तरी.

उरलेल्या नावांवर कुणाच्या पदव्या झाल्या, कुणाच्या बढत्या. त्या काळात कल्ल्यांवरच्या त्या मिलिमीटरभर कृमीनं कोणत्या महिन्यात, किती दाटीच्या तळ्यात, किती बीज मारलं याची साधी वही आपल्याकडे असती तर इंदापूरच्या पोराला मी फोनवर काही ठोस सांगू शकले असते. वामीतल्या शेवया उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी सापडतात, हे मला माहीत आहे, मावशींनाही माहीत आहे. पण ज्या वामीत एकही शेवई निघाली नाही तिची नोंद बहुतेक प्रबंधांत नसते. किती माशांत कृमी नव्हते हे लिहिलं नाही तर किती माशांत होते याला अर्थ काय राहिला?

म्हणून या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना नवं काम दिलं आहे. रविवारी भिगवणला जायचं, मावशींच्या शेजारी बसायचं, जी आतडी आणि जे कल्ले येतील ते बघायचे. माशाची जात, वजन, महिना, कृमी किती. नाव देता आलं नाही तर ‘चपटा’, ‘गोल’, ‘काटेरी’ एवढंच लिहायचं. काही निघालं नाही तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही.

पहिल्या रविवारी एका मुलीच्या वहीत ओळीनं शून्यं आली, चिलापीच बघत बसली होती ती. सोमवारी स्टाफरूमच्या दाराशी येऊन विचारते, ‘मॅडम, सगळं शून्यच निघालं तर प्रोजेक्टला मार्क मिळतील ना?’

मिळतील, म्हटलं, पण पुढच्या रविवारी मरळ बघ.